लहान आंतड्यांतील दुर्मिळ कर्करोग कसे ओळखावे

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून धर्मगुरूनें आत्म्याविषयीं बोलावें अशी आपली अपेक्षा असणार. आणि आम्ही तर आज आंतड्याविषयीं बोलावयास उभे राहिलों आहों. महोत्सव समितीनें विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हां आम्हीं हा विषय जाणूनबुजून घेतला. आम्ही वैद्य नव्हों. सेमिनरींत आम्हांस तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान शिकविलें, शरीरशास्त्र नव्हे. परंतु पंचवीस-तीस वर्षें आजाऱ्यांच्या उशाशीं बसणाऱ्या माणसाच्या कानीं जें पडतें, तें पुष्कळदां डॉक्टरांच्याही कानीं पडत नाहीं. "फादर, पोटाचें कांहींतरी आहे," हें वाक्य आम्हीं किती घरांत ऐकलें असेल त्याची गणति नाहीं. त्या "कांहींतरी"च्या पोटीं बहुतेक वेळां अपचन, आम्लपित्त किंवा जंत एवढेंच असतें. क्वचित् मात्र निराळेंच कांहीं निघतें, आणि तें ओळखूं येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. त्या क्वचित् निघणाऱ्या रोगाविषयीं जाणत्या डॉक्टरांकडून व त्यांच्या ग्रंथांतून जें समजलें, तें आपणांपुढें ठेवतों.

प्रथम हें लहान आंतडें म्हणजे काय तें पाहूं. जठराच्या मुखापासून निघून मोठ्या आंतड्याला मिळणारी ही सुमारें २० फूट लांबीची नळी पोटांत वेटोळीं घालून बसलेली असते. लहान म्हणावयाचें तें रुंदीनें. लांबीनें तें मोठ्या आंतड्याच्या चौपट भरतें. त्याचे तीन भाग मानतात. पहिला ग्रहणी, ज्यास डॉक्टर ड्युओडिनम म्हणतात. या लॅटिन नांवांत बारा हा आंकडा दडलेला आहे, कारण हा भाग बारा बोटांच्या रुंदीइतका लांब. दुसरा मध्यांत्र, म्हणजे जेजुनम. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ उपाशी, कारण प्राचीन शरीरशास्त्रज्ञांना प्रेतांत हा भाग रिकामा आढळे. (सेमिनरींतलें लॅटिन कोठें उपयोगी पडेल, सांगतां येत नाहीं!) तिसरा व शेवटचा शेषांत्र, म्हणजे इलियम. यकृताकडून येणारें पित्त पहिल्या भागांत उतरतें, आणि अन्नांतील सत्त्व रक्तांत शोषून घेण्याचें बहुतेक सारें काम हीच नळी करते.

आतां आश्चर्य असें कीं, संबंध अन्नमार्गाच्या लांबीपैकीं सुमारें ७५ टक्के लांबी या एकट्या नळीची. पण अन्नमार्गांत होणाऱ्या कर्करोगांपैकीं ५ टक्केसुद्धां येथें होत नाहींत. अमेरिकेंत मोठ्या आंतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचे नवे रोगी दरसाल दीड लाखाच्या घरांत सांपडतात, तर लहान आंतड्याचे सुमारें १२,०००. असें कां, याचें निश्चित उत्तर शास्त्रज्ञांनीं अजून दिलेलें नाहीं. अनुमानें मात्र पुष्कळ आहेत. येथून अन्न पातळ असतांनाच झपाट्यानें पुढें जातें, त्यामुळें त्यांतील अपायकारक द्रव्यांचा संसर्ग अल्पकाळ होतो. मोठ्या आंतड्याच्या मानानें येथें जंतु फार थोडे. आंतील अस्तराच्या पेशी तीन ते पांच दिवसांत झडून नव्या येतात. आणि शरीराचें संरक्षक सैन्य या भिंतींत जागोजाग तळ देऊन असतें.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, रोग इतका विरळा, तर त्याचें एवढें बोलणें कशाला? याचें उत्तर असें कीं, रोग विरळा असला तरी ज्यास होतो त्यास तो पुरताच होतो. आणि विरळा असल्यामुळेंच त्याचें नांव कोणाच्या मनांत येत नाहीं. त्यांत आणखी भर अशी कीं, येथील अन्न पातळ व नळी लवचिक असल्यामुळें गांठ बरीच वाढेपर्यंत वाट अडत नाहीं. घशांत, छातींत वा काखेंत गांठ आली तर हाताला लागते. वीस फुटांच्या वेटोळ्यांत दडलेली वाटाण्याएवढी गांठ कोणाच्या हाताला लागणार?

डॉक्टर लोक या कर्करोगांच्या मुख्य चार जाती सांगतात. अस्तराच्या ग्रंथींपासून होणारा ॲडिनोकार्सिनोमा, जो बहुधा पहिल्या भागांत, ग्रहणींत आढळतो. संप्रेरकें निर्माण करणाऱ्या पेशींपासून होणारा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ज्याचें जुनें नांव कार्सिनॉइड, आणि जो बहुधा शेवटच्या भागांत असतो. संरक्षक पेशींचा लिंफोमा. आणि भिंतीच्या स्नायुथरांतून वाढणारा जिस्ट. याखेरीज दुसरीकडचा कर्करोग, विशेषतः त्वचेचा मेलानोमा, येथें येऊन रुजूं शकतो.

आतां लक्षणांकडे येऊं. सर्वांत फसवें व सर्वांत दुर्लक्षित लक्षण म्हणजे रक्तक्षय. गांठीच्या पृष्ठभागांतून रक्त थेंबथेंब झिरपत राहतें. डोळ्यांस तें दिसत नाहीं, परंतु महिन्यामागून महिने शरीरांतील लोह कमी होत जातें. माणूस फिकट दिसूं लागतो, जिना चढतांना धाप लागते, अंगांत त्राण राहत नाहीं. मग कोणीतरी लोहाच्या गोळ्या देतो, रक्त थोडें वाढतें, गोळ्या संपतात, रक्त पुन्हां उतरतें. आमच्या समजुतीप्रमाणें या ठिकाणीं मोठी चूक होते ती अशी कीं, रक्त कमी आहे एवढेंच सर्व म्हणतात. तें जातें कोठें, असें कोणी विचारीत नाहीं. पाळी येत असलेल्या स्त्रीचें लोह कमी असण्यास एक उघड कारण असतें. परंतु पुरुषाचें, किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रीचें लोह कारणावांचून कमी झालें, तर अन्नमार्गांत कोठें रक्त जात आहे काय, हा शोध घेतलाच पाहिजे. जठराची व मोठ्या आंतड्याची अशा दोन्ही दुर्बिणींची तपासणी निर्दोष आली आणि तरीही रक्त उतरतच राहिलें, तर उरलेली जागा कोणती, हें आपण जाणतांच.

शौचास डांबरासारखें काळें व चिकट होणें हेंही रक्त गेल्याचें चिन्ह होय. येथें एक सूचना दिली पाहिजे. लोहाच्या गोळ्यांनींही शौचाचा रंग काळपट होतो. तेव्हां गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांस तसें सांगावें, नाहींतर उगाच घबराट होते, किंवा याच्या उलट, खऱ्या रक्तास गोळ्यांचा रंग समजून स्वस्थ बसलें जातें. आणि भगिनींनो, ही गोष्ट सांगावयास लाजूं नका. आमच्या घरांतून बायका तापाची गोष्ट सांगतात, शौचाची सांगत नाहींत. नवऱ्याला नाहीं, मुलीला नाहीं, डॉक्टरला तर मुळींच नाहीं.

दुसरें लक्षण पोटदुखीचें. ही कळ बहुधा जेवणानंतर अर्ध्या-एक तासानें येते, पिळवटून येते, पोटांत गुडगुड होते, आणि ओकारी झाली किंवा वारा सरला कीं थांबते. पुढें तीच वाढत जाऊन एखादे दिवशीं वाट पुरती तुंबते: पोट फुगतें, ओकाऱ्या थांबत नाहींत, शौच व वारा दोन्ही बंद. असें झाल्यास त्याच रात्रीं इस्पितळ गांठावें. तेल चोळून व ओवा खाऊन सकाळची वाट पाहूं नये. मोठ्या माणसाच्या आंतड्याचा एक भाग दुसऱ्यांत शिरून बसला, तर त्यामागें पुष्कळदां गांठच असते. लहान मुलांत तसें नसतें. ग्रहणींतील गांठ पित्ताच्या मुखाशीं असली तर कावीळ होते, आणि मग गांवोगांव काविळीचें औषध देणारे आहेतच! कावीळ झाली म्हणजे ती कशानें झाली हें रक्ताच्या व सोनोग्राफीच्या तपासणीनें पाहिल्याशिवाय कोणाच्याही हातचा पाला घेऊं नये. कारणावांचून वजन उतरत जाणें हें चौथें लक्षण. त्याविषयीं अधिक सांगण्याची गरज नाहीं.

आपल्या देशांत या रोगास लपावयास आणखी एक मोठी आडोशाची जागा आहे, ती म्हणजे आंतड्याचा क्षय. क्षयाचे जंतु केवळ फुप्फुसांतच राहतात असें नव्हे. लहान व मोठें आंतडें जेथें मिळतात ती जागा त्यांच्या फार आवडीची. तेथेंही कळा येतात, वजन उतरतें, ताप येतो, वाट अरुंद होते. छायाचित्रांत क्षयाची सूज व कर्करोगाची गांठ पुष्कळदां सारखीच दिसते. आपल्याकडे क्षय फार व हा कर्करोग थोडा. म्हणून तुकडा काढून तपासणें अशक्य असेल तेव्हां डॉक्टर क्षयाचीं औषधें सुरू करतात, आणि यांत त्यांचें कांहीं चुकतें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु रोग्यानें व घरच्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, औषधें नेमानें घेऊनही दोन-तीन महिन्यांत उतार पडला नाहीं, तर पुन्हां डॉक्टरांकडे जाऊन, "तुकडा काढून पाहतां येईल काय?" असें नम्रपणें पण स्पष्ट विचारावें. औषधें मध्येंच सोडून दुसरीकडे जाणें हा मार्ग नव्हे. त्यानें क्षय असला तर तोही बिघडतो.

आतां दुसऱ्या जातीविषयीं, कार्सिनॉइडविषयीं, थोडें विस्तारानें सांगतों, कारण तिच्या खुणा चमत्कारिक आहेत. म्युनिक येथील झिगफ्रीड ओबर्नडोर्फर नांवाच्या विकृतिशास्त्रज्ञानें १९०७ सालीं या गांठींना हें नांव दिलें. कार्सिनॉइड म्हणजे कर्करोगासारखा. त्या लहान असतात, सावकाश वाढतात, म्हणून त्या निरुपद्रवी आहेत असें त्याचें मत होतें. पुढें अधिक रोगी पाहिल्यावर १९२९ सालीं त्यानें स्वतःच लिहिलें कीं, त्या घातकही होतात व पसरतातही. हा विद्वान जातीनें यहुदी. १९३३ सालीं नाझी सत्तेवर आल्यावर त्यास जर्मनी सोडावी लागली, आणि इस्तंबूल येथें अध्यापन करीत असतां १९४४ सालीं तो निवर्तला.

या गांठी सिरोटोनिन वगैरे द्रव्यें रक्तांत सोडतात. आंतड्याचें रक्त प्रथम यकृतांत जातें, आणि यकृत तीं द्रव्यें निकामी करतें. त्यामुळें गांठ आंतड्यापुरती असेपर्यंत क्वचित् होणाऱ्या कळेखेरीज कांहीं समजत नाहीं. यकृतांतच रोग पसरला म्हणजे तीं द्रव्यें सर्व शरीरांत फिरूं लागतात. मग चेहरा व मान एकाएकीं तापून लाल होते, दिवसांतून अनेक वेळां पातळ शौच होतें, छातींत दम्यासारखी घरघर होते, आणि कालांतरानें हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होऊन पाय सुजतात. प्रत्येक खूण निराळ्या डॉक्टरकडे जाते. पन्नाशीच्या स्त्रीस लाली आली तर पाळी जाण्याचें वय म्हणतात. शौचास आंतड्याचा हळवेपणा म्हणतात. घरघरीस दमा म्हणतात. सांवळ्या कातडीवर लाली दिसत नाहीं, नुसती ऊब जाणवते. आपल्या लोकांत म्हणून ती आणखी हुकते.

आमच्या पूर्वीच्या एका धर्मग्रामांत गायनमंडळांत गाणारा एक मध्यम वयाचा गृहस्थ होता. वर्ण गोरा, स्वभाव अबोल, दारूला त्यानें जन्मांत स्पर्श केला नव्हता. परंतु लग्नाकार्यांत जेवण झालें कीं त्याचा चेहरा लालबुंद होई. लोक कुजबुजूं लागले: "हा लपून घेतो." ती कुजबुज आमच्यापर्यंत आली, आणि इतक्यावरच न थांबता त्याच्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत गेली, पाहावयास आलेलीं माणसें परत फिरलीं. वर्षानुवर्षें त्यास संग्रहणीचीं औषधें चालू होतीं. शेवटीं पाय सुजले म्हणून तो शहरांतल्या एका इस्पितळांत गेला. तेथें एका तरुण डॉक्टरनें छातीस नळी लावून हृदयाचा आवाज ऐकला, शौचाची चौकशी केली, आणि मग विचारलें, "चेहरा लाल होतो काय?" उत्तर त्याच्या बायकोनें दिलें, देतांना ती रडली. शेषांत्रांत बोराएवढी गांठ निघाली, यकृतांत पुष्कळ. दर महिन्यास एक इंजेक्शन सुरू झालें. लाली व शौच दोन्ही आटोक्यांत आलीं, आणि तो आणखी कित्येक वर्षें जगला. ज्यांनीं नांवें ठेवलीं होतीं, ते फळें घेऊन भेटावयास येत. त्यानें कोणास कांहीं बोलून दाखविलें नाहीं. मुलीचें लग्नही पुढें झालें, उशिरानें.

अमेरिकेंतील वैद्यक विद्यार्थ्यांस शिकवितात कीं, टापांचा आवाज आला तर घोडा समजावा, झेब्रा समजूं नये. म्हणजे नेहमींचा रोग आधीं मनांत आणावा. शिकवण योग्यच आहे. परंतु कधींमधीं झेब्राही येतो. म्हणून या रोगाच्या रोग्यांनीं झेब्र्याचे पट्टे हेंच आपलें चिन्ह केलें आहे, व दरसाल १० नोव्हेंबर हा दिवस या रोगाच्या माहितीसाठीं पाळतात. अभिनेते इरफान खान यांनीं २०१८ सालीं आपणांस न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचें जाहीर केलें, तेव्हां आपल्याकडे पुष्कळांनीं हें नांव प्रथम ऐकलें. अशा गांठी फुप्फुसांत, स्वादुपिंडांत, इतरत्रही होतात. लहान आंतडें हें त्यांचें एक घर.

उरलेल्या दोन जातींविषयीं थोडक्यांत. जिस्ट ही गांठ बहुधा एकाएकीं पुष्कळ रक्त टाकून आपली ओळख देते. इमॅटिनिब नांवाच्या गोळीनें या रोगाचें रूपच पालटलें. आणि १ एप्रिल २०१३ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें त्या औषधाच्या पेटंटाची मागणी फेटाळल्यामुळें येथें तें अनेक कंपन्यांचें, पुष्कळ कमी किमतींत मिळतें. लिंफोमाचा एक प्रकार भूमध्य समुद्राभोंवतीं व आपल्यासारख्या देशांत, जेथें अस्वच्छ पाणी व वारंवार होणारीं जुलाबाचीं दुखणीं आहेत तेथें, तरुणांत आढळतो. तो अगदीं आरंभीं सांपडला तर टेट्रासायक्लिनसारख्या साध्या जंतुनाशक औषधानेंही मागें हटूं शकतो. कर्करोग आणि जंतुनाशक औषधानें बरा! आम्हांसही हें प्रथम खरें वाटलें नाहीं.

कांहीं घराण्यांत धोका जन्मतःच अधिक असतो. लहान मुलाच्या ओठांवर व गालाच्या आंतल्या बाजूस काळसर ठिपके दिसले आणि त्यास वारंवार पोटांत कळा येत असल्या, तर तें डॉक्टरांस दाखवावें. पॉइट्झ नांवाच्या डच डॉक्टरनें १९२१ सालीं व जेगर्स नांवाच्या अमेरिकन डॉक्टरनें १९४९ सालीं वर्णिलेला हा एक आनुवंशिक रोग असूं शकतो. ओठांवरचे ठिपके वयांत आल्यावर फिके पडतात, तोंडांतले राहतात. म्हणून तोंड उघडून पाहावें. तसेंच ज्या घरांत मोठ्या आंतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या व ऐन तरुणपणीं झालेला आहे, त्या घरच्यांनीं ही हकीकत डॉक्टरांपासून लपवूं नये. सोयरिकींत अडचण येईल म्हणून ती लपवितात, हें आम्हांस ठाऊक आहे.

तपासणी कशी करतात? तोंडांतून घातलेली दुर्बीण ग्रहणीपर्यंत पोंचते, खालून घातलेली शेषांत्राच्या शेवटच्या कांहीं इंचांपर्यंत. मधला प्रदेश कित्येक वर्षें अंधारांतच होता. गाव्रिएल इद्दान नांवाच्या इस्रायली इंजिनिअरनें, जो पूर्वीं क्षेपणास्त्रांच्या दृष्टियंत्रावर काम करी, गिळतां येईल असा कॅमेरा योजिला. त्याचें वृत्त २००० सालीं प्रसिद्ध झालें, व पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत त्यास परवानगी मिळाली. मोठ्या गोळीएवढा हा कॅमेरा आठेक तासांत पन्नास हजारांवर छायाचित्रें घेत पुढें सरकतो. मात्र वाट अरुंद झाल्याचा संशय असेल तर तो आंतच अडकूं शकतो. तेव्हां आधीं सी.टी. किंवा एम.आर.आय. करून घेतात. जपानी डॉक्टर यामामोतो यांनीं २००१ सालीं पुढें आणलेल्या दोन फुग्यांच्या दुर्बिणीनें मधल्या भागांत शिरून तुकडाही काढतां येतो. कार्सिनॉइडसाठीं चोवीस तासांची लघवी तपासतात. त्याआधीं कांहीं दिवस केळीं, अननस, टोमॅटो व अक्रोड वर्ज्य करावे लागतात, नाहींतर तपासणी खोटी येते. केळींच्या बागांच्या आमच्या या वसई प्रांतांत हें विशेष सांगून ठेवलेलें बरें!

उपाय मुख्यतः शस्त्रक्रियेचा. गांठ व तिच्या भोंवतालच्या लसिकाग्रंथि वेळीं काढल्या तर पुष्कळ रोगी दीर्घकाळ जगतात. मुंबईस परळ येथें १९४१ सालापासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. तेथें गरिबांचीही सोय पाहतात. जातांना जुने कागद टाकूं नका. हिमोग्लोबिनचे आंकडे तारीखवार, वजन महिन्यागणिक, कळ जेवणानंतर किती वेळानें येते, काय खाल्ल्यावर चेहरा तापतो, हें सर्व एका वहींत लिहून न्यावें. घाईच्या डॉक्टरपुढें अशी वही रोग्याहून चांगली बोलते.

शेवटीं एक गोष्ट राहिली, जी खास आमच्या वेदीशीं संबंधित आहे. गव्हांतील ग्लूटेन ज्यांस सोसत नाहीं, त्यांच्या रोगास सिलिॲक म्हणतात. हॉलंडमधील डिके नांवाच्या बालरोगतज्ज्ञानें दुसऱ्या महायुद्धांतील दुष्काळांत पाहिलें कीं, गव्हाचा पाव मिळेनासा झाल्यावर कांहीं आजारी मुलें सुधारलीं. १९५० सालीं त्यानें तें प्रबंधांत मांडलें. हा रोग न ओळखतां राहिला तर लहान आंतड्याचा एक प्रकारचा लिंफोमा व ॲडिनोकार्सिनोमा, दोन्हींचा धोका वाढतो. गहूं कटाक्षानें सोडल्यास तो कमी होतो. तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या घरांत गहूं सोडणें फारसें जड नाहीं. पण अशा कांहीं भाविकांस वाटतें कीं, ओस्ती गव्हाची, ती नाकारणें पाप. म्हणून ते गुपचूप घेतात व आजारी पडतात. तसें करण्याचें कारण नाहीं. २००३ सालीं कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीनें रोमहून आलेल्या पत्रांत स्पष्ट केलें आहे कीं, अगदीं अल्प ग्लूटेन असलेली ओस्ती ग्राह्य आहे, मात्र मुळींच ग्लूटेन नसलेली ग्राह्य नाहीं. आणि ज्यांस तीही सोसत नाहीं त्यांनीं केवळ द्राक्षारसाच्या रूपांत कम्युनियन घ्यावें. मुख्य चषकांत धर्मगुरु ओस्तीचा अंश टाकतात, म्हणून अशांसाठीं निराळा चषक ठेवावा लागतो. आमच्या सॅक्रिस्टींत तो ठेवलेला आहे, व अल्प ग्लूटेनच्या ओस्तीही निराळ्या डबींत आहेत. ज्यांस जरूर असेल त्यांनीं मिस्सेपूर्वीं दहा मिनिटें येऊन आम्हांस किंवा साक्रिस्तानास सांगावें. कारण विचारलें जाणार नाहीं.